दहा दिवसांची पिल्लं आईपासून काढू नका

कृष्णाकाठ, सांगली:
साताऱ्यातल्या शाहूपुरीच्या एका दादांनी काल इथे लिहिलंय की बजीची (म्हणजे बजरिगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा रंगीत पोपट) पिल्लं दहा दिवसांची झाली की घरट्याच्या मडक्यातून काढायची, खोक्यात बल्बखाली ठेवायची आणि बाळांचं डब्यातलं पीठ सिरिंजने भरवायचं. तरच पाखरू हातावर बसतं, नाहीतर जन्मभर चावत राहतं, असं त्यांचं म्हणणं. खाली लोकांनी "मी पण करणार" म्हणून लिहिलंय. ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

2018 च्या थंडीत मी नेमकं हेच केलं. ज्या दुकानातून जोडी घेतली होती तिथल्या माणसाने सांगितलं, मी ऐकलं. चार पिल्लं होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघांच्या गळ्यातली अन्नाची पिशवी रात्रीच्या पिठाने तशीच भरलेली. तोंडाला आंबलेला वास. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेली. मी घाबरले आणि तिसऱ्याला पीठ जरा जास्तच गरम करून दिलं. आठवड्याने त्याच्या गळ्याखालची कातडी काळी पडून भोक पडलं, भरवलेलं त्यातून बाहेर यायला लागलं. ते पिल्लू कसं गेलं ते मी इथे लिहीत नाही. चौथं जगलं, ते माझ्या हुशारीने नाही.

पीठ 39-40 डिग्रीला लागतं. आपल्या बोटाला कोमट लागतं तेव्हा ते पिल्लासाठी बऱ्याचदा गारच असतं. गार गेलं की पिशवी रिकामी होत नाही, गरम गेलं की भाजते, घाईत दिलं की श्वासनळीत जातं. मादीला यातलं काही मोजावं लागत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोनेक ग्रॅमचं, उघडंनागडं, आंधळं. पहिले काही दिवस ती त्याला स्वतःच्या पोटातला दुधासारखा रस भरवते. डोळे उघडतात तेच मुळी दहाव्या दिवसाच्या आसपास. जगात पहिल्यांदा डोळे उघडले आणि समोर आई नाही, बल्ब!

माणसाळवायचं असेल तर बारा-तेरा दिवसांपासून, मादी खायला बाहेर आली की, एकेक पिल्लू पाच मिनिटं ओंजळीत घ्या आणि परत ठेवा. रोज. महिना-पस्तीस दिवसांत ती मडक्याबाहेर येतात, पुढे आठवडाभर बाप भरवतो. स्वतः दाणे सोलून खायला लागली की मग वेगळी करा. कपाळावरच्या पट्ट्या नाकापर्यंत आहेत तोवर पाखरू लहान आहे. त्या वयात ते हातावर येतंच. माझी आत्ताची तिन्ही अशीच माणसाळली, सिरिंज न लावता.

शाहूपुरी:
ताई, तुमची पिल्लं गेली याचं वाईट वाटलं. पण मोजमाप तुमचं चुकलं आणि दोष पद्धतीला देताय. मी तीन खेपा वाढवल्यात. चौदातली बारा जगली. थर्मामीटर घेतलाय, दर वेळी ताजं पीठ, उरलेलं फेकून देतो, पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास नाही. रात्री बाराला आणि पहाटे पाचला उठतो. नोकरी सांभाळून करतो हे.

आणि आईवर एवढा विश्वास टाकता, तर मडक्यात काय चालतं तेही लिहा. मादी एकाआड एक दिवस अंडं घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते. पाच अंडी असली तर थोरल्यात नि धाकट्यात आठवड्याचं अंतर. धाकटं भावंडांखाली चेंगरतं, नाहीतर उपाशी राहतं. माझ्याकडे दर खेपेला शेंडेफळ मेलं, म्हणून मी हे सुरू केलं. गंमत म्हणून नाही.

मिरज स्टेशन रोड:
आधी एक गोष्ट. दुकानात, घरात, इथेसुद्धा अर्धे लोक बजीला 'लव्हबर्ड' म्हणतात. लव्हबर्ड आफ्रिकेचा, बजी ऑस्ट्रेलियाचा. चोच, शेपूट, स्वभाव सगळं वेगळं. नाव चुकलं की माहिती चुकते, मग खाणं चुकतं. वीस वर्षं हे सांगून सांगून थकलो.

आता मुद्द्याचं. शेंडेफळ उपाशी मरतं कारण मादीकडेच भरवायला काही नसतं. नुसत्या राळ्यावर आणि बाजरीवर पाच पिल्लं कशी वाढतील? पिल्लं असताना रोज उकडलेलं अंडं कुस्करून द्या, कवच भाजून बारीक करून त्यातच घाला. मी देतो, माझ्याकडे शेंडेफळ मरत नाही.

गावभाग:
आमच्या घरात अंडं येत नाही. मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, भिजवलेले राळे आणि कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला अडकवलेला समुद्रफेस (माखलीचं पांढरं कवच), एवढ्यावर माझी पाखरं सहा वर्षं छान आहेत. अंडं दिलं नाही तर पिल्लं मरतात ही भीती घालू नका.

मिरज स्टेशन रोड:
भीती नाही, अनुभव आहे. मुगाने अंड्याची भर निघत नाही. तुमच्या देवघराचे नियम पाखराला लावू नका.

गावभाग:
देवघराचं नाव मी काढलं नव्हतं, तुम्ही काढलंत. आमच्या स्वयंपाकघरात काय शिजावं हे मिरजेतून कोणी सांगू नये. माझ्या सासूबाईंचे हात संधिवाताने वाकडे झालेत, तरी त्या रोज सकाळी त्या पाखरांसाठी मूग निवडतात. त्यांना तुम्ही पाखरं उपाशी मारणारी म्हणताय?

कृष्णाकाठ, सांगली:
काका, ते वाक्य मागे घ्या. बाकी अंड्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही देते. पण वहिनींचंही खोटं नाही. दाण्यात जे कमी असतं त्यातलं बरंचसं डाळीत असतं, म्हणून तर आपण वरण-भात एकत्र खातो. दाणा आणि मोड दोन्ही मिळून पाखराचंही बरंच भागतं.

मिरज स्टेशन रोड:
देवघराचं वाक्य मागे घेतो. सासूबाईंना नमस्कार सांगा. पण 'बरंच भागतं' म्हणजे पूर्ण भागतं असं नाही, यावर मी ठाम आहे. आणि मे महिन्यात सांगलीत सकाळी ठेवलेले मोड दुपारी बुळबुळीत होतात. तसलं खाऊन माझी एक मादी हगवणीने गेली आहे.

वाई:
मग उकडलेलं अंडं काय मे महिन्यात टिकतं? तेही दोन तासांत काढायला हवं. कुठलंही ओलं खाणं ठेवून कामाला जाऊ नका. समुद्रफेसाबद्दल मात्र वहिनींना माझा पाठिंबा. माझ्या मादीला डिसेंबरात अंडं अडकलं होतं. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलेली, शेपटी वरखाली होत होती. डॉक्टरांकडे नेईपर्यंत वाटेत गेली. तिला मी कधीच चुना-कवच काही दिलं नव्हतं. वाईची थंडी आणि आत कॅल्शियम नाही. तेव्हापासून मी अंडी धरायची जोडी हिवाळ्यात लावतच नाही, मडकं काढून ठेवतो.

कोरेगाव:
अंडं की मूग, सिरिंज की आई... मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. उडणाऱ्या जिवाला पिंजऱ्यात ठेवायचंच का? दार उघडा आणि सोडून द्या.

कृष्णाकाठ, सांगली:
दार उघडलं तर संध्याकाळपर्यंत कावळा, शिक्रा नाहीतर मांजर. ही पाखरं 1840 मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेली गेली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढली. रानातला बजी हिरवा असतो. निळे, पिवळे, पांढरे सगळे माणसाने पैदास करून काढलेले. कोरेगावच्या शेतात त्याला कुठला दाणा ओळखू येणार? तुमचा राग रानातून धरून आणलेल्या राघूबद्दल असेल तर मी तुमच्या बाजूची आहे. आपला पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, तरी वाड्यावाड्यांत आजही दिसतो. बजीचं तसं नाही. त्याला मोठा पिंजरा द्या, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून रोज तासभर खोलीत उडू द्या.

कोरेगाव:
एवढं करणारे किती जण आहेत? मी बघतो ते वीतभर पिंजरे आणि त्यात चार-चार पाखरं.

कृष्णाकाठ, सांगली:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही बघता तेच मीही बघते.

गावभाग:
अंड्यावरून झालं ते झालं. मूळ विषयावर मला सांगायचंय, आणि मी शाहूपुरीच्या दादांच्या बाजूने आहे. ऑगस्ट 2019 ला महापुराचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. आधी माणसं, मग कागदपत्रं, मग मी पिंजरा वरच्या मजल्यावर नेला. मडक्यात तीन पिल्लं होती, थोरलं सोळा दिवसांचं. त्या धावपळीत मादीने मडकं टाकलं ते टाकलंच, परत आत गेली नाही. वीज नाही, दूध नाही. मेणबत्तीवर पाणी गरम करून ज्वारीच्या पिठाची पातळ पेज चमच्याने भरवली. रात्री तिघांना लोकरीच्या टोपीत घालून पोटाशी धरून झोपले. दोन जगली. तेव्हा हाताने भरवायचं नाही असं म्हणत बसले असते तर तिन्ही गेली असती.

कृष्णाकाठ, सांगली:
वहिनी, हे वाचून रडले. आईने टाकलं, आई मेली, तर भरवायलाच हवं. माझा विरोध त्याला नाहीच. माझा विरोध जिवंत, भरवत असलेल्या आईपासून काढून घेण्याला आहे, आणि तेही फक्त हातावर बसावं म्हणून. दादा, तुमचं शेंडेफळही मला मान्य करावं लागतंय, पहिल्या पोस्टमध्ये ते मी लिहायला हवं होतं. पण त्यासाठी पाचही पिल्लं कशाला काढता? त्या एकालाच दिवसातून दोनदा वरून भरवा आणि मडक्यात परत ठेवा, ऊब आईची मिळू दे. दुसऱ्या मादीकडे त्याच मापाची पिल्लं असतील तर तिच्यात सोडा, बऱ्याच माद्या घेतात. आणि बाळांचं पीठ कृपा करून बंद करा. ते माणसाच्या बाळासाठी केलेलं असतं. पाखरांच्या पिल्लांचं वेगळं पीठ मिळतं.

शाहूपुरी:
वेगळं पीठ साताऱ्यात लगेच मिळत नाही, मागवावं लागतं. मागवतो. पण ही पद्धतच चुकीची असं मी अजूनही म्हणणार नाही. माझी बारा पाखरं जिवंत आहेत.

कृष्णाकाठ, सांगली:
तुम्ही पहाटे पाचला उठता म्हणून आहेत. 'मी पण करणार' लिहिणारे उठतील का?

शाहूपुरी:
हे मात्र मला पटलं. पोस्टमध्ये रात्रीच्या उठण्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. आज ते घालतो.

आत्ताच्या खेपेतली थोरली दोन परवा काढली होती. दुपारी परत मडक्यात ठेवली. मादी आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. आत्ता टॉर्च लावून पाहिलं. एकाची पिशवी टम्म भरलीय, दुसऱ्याची रिकामी दिसते. त्याला रात्री मी भरवतो.

गावभाग:
ज्याला तिने भरवलं नाही ते मोठं आहे का धाकटं? आणि पीठ पातळ करा दादा, पहिला घास अगदी पातळ.