आजीच्या ओव्या आणि वाकळा कशा जपाव्या?

माणदेशी_नात: आमची आजी माण तालुक्यातली, शेतात वाढलेली. पहाटे जात्यावर बसली की ओवी आपसूक यायची. भाऊ, बैल, विठ्ठल, सगळे त्यात. दुपारी जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची, प्रत्येक नातवंडाला एक. आता ‘गा’ म्हटलं की दोन ओळींपुढे आठवत नाही. काय करू?

सुईदोरा: जातं आहे ना? मूठभर ज्वारी घाला आणि खुंटा तिच्या हातात द्या. ओवी हाताबरोबर येते. माझ्या आत्याला असंच आठवत गेलं. शेजारची एखादी आजी जोडीला बसवा, एकीची तुटली की दुसरी धरते. फोनवर रेकॉर्डिंग मात्र सुरूच ठेवा.

वाचक: हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकता येतात. आजीला ऐकवा, तिच्या तिला सुचतील.

सुईदोरा: आणि वाकळ प्लास्टिकमध्ये नको, दमट होते. सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला.

माणदेशी_नात: जातं परड्यात पडलंय. आधी टाकी लावून, म्हणजे दगड टोचून खरखरीत करून घेते. शेजारच्या काकूंना आजच विचारते.