मुतखडा, जुनं इन्फेक्शन आणि गेलेली किडनी: तुमच्या घरातले अनुभव लिहा

निफाडकर:
आईची डावी किडनी काढून दीड महिना झाला, टाके सुकले, आता कुठे डोकं ठिकाणावर आलंय म्हणून लिहितोय. चार वर्षं डावीकडे कंबरेत दुखायचं, ती म्हणायची उसण भरली, आम्ही बाम चोळायचो, लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी, ताप आला की मेडिकलवरून तीन दिवसांच्या गोळ्या आणि उतरला की बाई परत द्राक्षाच्या मळ्यात. मुतखडा आहे हे माहीत होतं बरं का, पण कळ थांबली तेव्हा वाटलं कुळथाच्या कढणाने पडला. यंदा खरड छाटणीला वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, हिमोग्लोबिन ८. नाशिकला सीटी केला तर सांबराच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला खडा आणि भोवती गाठ, डॉक्टर म्हणाले कॅन्सरही असू शकतो. किडनी काढून तपासायला दिली तेव्हा कळलं, झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. मला नाव पाठ व्हायला आठ दिवस लागले, आई "ते झेंडूचं काहीतरी" म्हणते, आणि गंमत म्हणजे झँथो म्हणजे पिवळंच! खड्याने वाट अडते, आत इन्फेक्शन मुरत राहतं, ते साफ करायला आलेल्या पेशी चरबीने फुगून तिथेच साचतात आणि किडनीच्या जागी पिवळ्या गाठी होतात. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) मात्र १.१, म्हणजे नॉर्मल, कारण उजवी एकटी सगळं ओढत होती. त्या रिपोर्टवरच आम्ही निर्धास्त होतो.
कुणाकडे असं काही झालंय का?

सिडकोवाला:
वडिलांना झालं, पण वेगळं. शुगर ४०० च्या वर, थंडी वाजून ताप, उलट्या. डॉक्टर म्हणाले किडनीत गॅस झालाय, मी म्हटलं ॲसिडिटीची गोळी द्या ना मग 🤦 नंतर समजलं की जंतू ती साखर खाऊन किडनीतच गॅस तयार करतात, आणि हे जिवावर बेतणारं असतं. पाठीतून नळी घातली, पिशवीत पहिल्या दिवशी नुसता पू. पाच दिवस आयसीयू. किडनी वाचली.

पिंपळगावची सून:
आमच्या मामींच्या पाठीवर कंबरेच्या वर गळू यायचं. दोनदा चिरा दिला, ड्रेसिंग केलं, परत तिथूनच वाहायला लागायचं, कुणी म्हणे शुगर बघा कुणी म्हणे बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषीसुद्धा झाला. शेवटी सोनोग्राफीत दिसलं की मूळ किडनीत आहे, जुन्या खड्यामागचा पू वाट करत करत कातडीपर्यंत आलेला. किडनी काढली तेव्हाच ते भोक बुजलं.

सातपूर८२:
उगाच घाबरवू नका लोकांना. माझा ४ एमएमचा आपोआप पडला.

निफाडकर:
लहान पडतातच हो बहुतेक. पण पडलेला तुम्ही बघितला ना? आम्ही बघितलाच नव्हता, परत सोनोग्राफीही केली नाही.

नाशिकरोडकर:
माझी चूक लिहितो. दुर्बिणीने खडा काढला, आत स्टेंट (लघवीची वाट उघडी ठेवणारी नळी) टाकला, काही आठवड्यांनी काढायला या म्हणाले. लग्नसराई, मग गावची जत्रा, मग विसरलोच, चौदा महिने! त्या नळीवरच खडे चढले, काढायला दोन ऑपरेशनं लागली. बायको अजून चारचौघांत सांगते.

पिंपळगावची सून:
निफाडकर, काकू आता पाणी पितात का नीट?

निफाडकर:
घरी पितात. मळ्यात नाही. काल पहिल्यांदा कारण सांगितलं, लघवीला आडोसा नाही म्हणून सगळ्याच बाया सकाळपासून पाणी टाळतात. वीस वर्षं मी त्याच मळ्यात आहे, मला माहीत नव्हतं. पत्र्याचा संडास उभा करतोय, मजूर बायांनी पहिलं विचारलं ते आतून कडी आहे का.