ज्युनियरच्या हातात रूट टच-अप कधी आणि कसं द्यावं?

पार्लरताई
आमच्याकडच्या ज्युनियर मुली डमीवर (सरावाच्या नकली डोक्यावर) सेक्शन, म्हणजे केसांचे पातळ थर, सुरेख घेतात, ब्रशही सफाईने चालतो. पण कस्टमरचं रूट टच-अप (नव्याने वाढलेल्या मुळांनाच रंग लावणं) दिलं की कानशिलाशी पांढरे केस उरतात आणि आधी रंगवलेल्या केसांवर रंग चढून काळपट पट्टा दिसतो. मग सीनियर ब्रश हातात घेते आणि पुढच्या वेळी कस्टमरला ती मुलगी नको असते. नेहमीचं ग्रे कव्हरेज (पांढरे केस झाकणं) आहे, डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइड) २० व्हॉल्यूमचा. शिकवायला सुरुवात कुठून करावी?

कात्रीकंगवा
ताई, हे डमीवर शिकताच येत नाही. डमीला पांढरे केस नसतात, टाळूची ऊब नसते आणि दीड सेंटिमीटर वाढलेल्या मुळांची रेघही नसते. त्यापेक्षा स्टाफमधल्याच कुणाच्या कोरड्या केसांवर रंगाऐवजी कंडिशनर लावायला द्या. अर्ध्या सेंटिमीटरचे आडवे सेक्शन, फक्त मुळांना. झालं की तेच केस उभे उघडून बघायचे. जिथे मूळ कोरडं राहिलं तिथे उद्या पांढरा राहणार आणि कंडिशनर जिथवर खाली उतरलं तिथवर पट्टा येणार. दोन्ही चुका मुलीला आपल्या डोळ्यांनी दिसतात, कुणी बोलून दाखवाव्या लागत नाहीत.

मग कस्टमर. पूर्ण डोकं एकदम देऊ नका. कपाळापासून मानेपर्यंत आणि कानापासून कानापर्यंत भांग पाडून चार भाग करा. मागचे दोन ज्युनियरला, पुढचे दोन सीनियरला, आणि दोघींनी एकदमच सुरुवात करायची. मागे पांढरे सहसा कमी असतात, शिवाय वेळही सांभाळला जातो. एकटीला पाऊण तास लागला तर पहिल्या भागावरचा रंग सुकायला लागतो आणि शेवटच्या भागाला वेळ कमी पडतो. म्हणून २०-२५ मिनिटांत लावून होईस्तोवर पूर्ण डोकं नाही. टायमर शेवटचा सेक्शन लावून झाल्यावरच सुरू.

आणि ब्रश हातातून काढून घेणं आधी बंद करा! कस्टमरचा विश्वास तिथेच जातो. कधी तपासायचं ते आधीच ठरवून ठेवा: बाउल कालवल्यावर, एक भाग झाल्यावर, धुण्याआधी. सीनियरने कंगव्याच्या टोकाने सेक्शन उघडून जागा दाखवायची, लावायचं मुलीनेच. कस्टमरला बसतानाच सांगा, "पुढचं मी करते, मागचं ही करेल, लवकर होईल."

रंगवाटी
वरचं सगळं पटलं. पण कानशिलाशी पांढरे उरण्याचं कारण पुष्कळदा ब्रशात नसतं, बाउलमध्ये असतं. अंदाजाने ओतलं की डेव्हलपर जास्त पडतो, रंग पातळ होतो आणि कानाजवळून ओघळतो. वजनकाटा ठेवाच. ३० ग्रॅम रंगाला डेव्हलपर कुठे ३० ग्रॅम, कुठे ४५. ट्यूबसोबतच्या पत्रकात असेल तेच. पांढरे जास्त असतील तर नुसती फॅशन शेड (लालसर, सोनेरी वगैरे) झाकत नाही, निम्मी नॅचरल शेड (साधी काळी-तपकिरी) घालावी लागते. कानशिलाचे पांढरे केस चिवट असतात, तिथे रंग आधी आणि जाडसर ठेवायचा, घासायचा नाही.

पट्ट्याबद्दल: दर वेळी टोकांपर्यंत रंग ओढू नये. टोकं फिकी पडली असतील तरच शेवटची ५ मिनिटं, थोडं पाणी घेऊन.

पार्लरताई
वजनकाटा उद्याच आणते. आमच्याकडे मेंदीवाल्या कस्टमर खूप येतात. ती चौकशी ज्युनियरने करावी की सीनियरने?

कात्रीकंगवा
ज्युनियरनेच, बाउल कालवण्याआधी, आणि कस्टमरच्या कार्डावर लिहून. "मेंदी लावता का?" एवढंच विचारलं तर काळ्या पावडरीबद्दल कुणी सांगत नाही. "घरी शेवटचं काय लावलं, पाकीट कसलं होतं, नंतर खाज आली होती का?" असं विचारायला शिकवा. काळ्या मेंदीच्या बऱ्याच पाकिटांत पीपीडी (ॲलर्जी होऊ शकणारं रंगाचं रसायन) असतं. धातूचे क्षार असतील तर डेव्हलपर लागल्यावर केस तापून तुटूही शकतात. शंका आली तर कंगव्यात निघालेले चार केस कालवलेल्या रंगात अर्धा तास ठेवून बघा. मिश्रण तापलं किंवा केस लिबलिबीत झाले तर रंग लावायचा नाही. नव्या कस्टमरची पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेला लावून ॲलर्जी तपासणं) ४८ तास आधी, कानामागे. पूर्वी खाज किंवा सूज आलेली असेल तर मात्र तीही सलूनमध्ये करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. आणि हे "नाही" कस्टमरला सीनियरने सांगायचं, ज्युनियरला पुढे करू नका.