डोंबिवली ते गोरेगाव: लोकलमधून कॅमेरा नेणं, अभ्यास म्हणून टीव्ही पाहणं आणि स्टुडिओ भेट

शिकाऊ_कॅमेरा

नमस्कार मंडळी. मी व्हिडिओ प्रॉडक्शनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहते डोंबिवलीला, कॉलेज गोरेगावला. कॉलेजचा मिररलेस कॅमेरा, फ्लुइड हेडचा (कॅमेरा सावकाश, न अडखळता फिरवणाऱ्या वरच्या भागाचा) ट्रायपॉड आणि एक एलईडी पॅनेल अधूनमधून घरी न्यावं लागतं. गर्दीत हे सगळं कसं सांभाळायचं, दादरमार्गेच जायचं की दुसरा रस्ता बरा?

दुसरं म्हणजे सर सतत सांगतात, "टीव्ही बघा, टीव्ही बघा." पण बघायचं नेमकं काय? संध्याकाळी सात ते दहा घरी मालिका चालू असतात आणि रिमोट आईकडे असतो.

तिसरं, पुढच्या महिन्यात फिल्मसिटीत एका मालिकेच्या सेटवर आणि नंतर एका वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत भेट आहे. नुसतं फिरून यायचं नाहीये. काय पाहू, कुणाला काय विचारू? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

स्लो_लोकल

आधी ट्रायपॉडचं पॅन हँडल (कॅमेरा फिरवायचा दांडा) काढून ठेव. ते बाहेर राहिलं की कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकतं आणि जिथे ते हेडला बसतं तिथले दाते झिजतात. मग कितीही आवळलं तरी टिल्ट करताना, म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकवताना, घसरतं. हँडल पायांच्या मधे ठेवून वेल्क्रोच्या पट्टीने बांध. पॅन-टिल्टचे लॉक प्रवासात घट्ट आवळू नकोस. धक्का बसला की आवळलेल्या ब्रेकवरच सगळा ताण येतो. सैल असले तर हेड थोडं फिरतं आणि धक्का जिरतो. क्विक रिलीज प्लेट (कॅमेऱ्याखाली लागणारी पट्टी) हेडवरच लावून ठेव, म्हणजे ती घरी राहणार नाही.

लेन्स बॉडीपासून वेगळी कर आणि दोन्हीकडे कॅप लाव. जड झूम लेन्स लावलेली असताना बॅगेवर बाहेरून दाब आला तर सगळा जोर माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला बसते त्या जागेवर, जातो. बॅटऱ्यांच्या उघड्या टोकांना प्लॅस्टिकचं झाकण नाहीतर इन्सुलेशन टेप हवीच. पॅनेलची एनपी-एफ ९७० सारखी बॅटरी साधारण ४७ वॉट-अवरची असते. सुट्टी नाणी किंवा किल्ल्या तिच्या टोकांना एकदम लागल्या तर शॉर्ट होऊन ती बॅगेतच तापते.

रस्त्याबद्दल. सकाळी दादरचा पूल ट्रायपॉड घेऊन ओलांडणं हाच या प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा. त्याऐवजी फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, पुलावरून चालत गुंदवली आणि मग लाइन ७ ने गोरेगाव पूर्व. फिल्मसिटीला जायचं असेल तर आणखी पुढे दिंडोशीला उतरून रिक्षा. लोकलच्या पासावर हे भागत नाही, मेट्रोचं तिकीट वेगळं पडतं. म्हणून सामान असेल त्याच दिवशी हा रस्ता धर. बॅग स्कॅनरमधून जाते, त्याची पाच-दहा मिनिटं हाताशी ठेव. संध्याकाळी घाटकोपरच्या जिन्यावर तुंबळ गर्दी असते, त्यामुळे परतताना एक तर लवकर नीघ, नाहीतर आठनंतर.

आणि प्लॅटफॉर्मवर "एकच शॉट" म्हणून ट्रायपॉड उघडायचा मोह टाळ. रेल्वेच्या आवारात शूटिंगला जनसंपर्क विभागाची परवानगी लागते. ती नसेल तर कॉलेजचा कॅमेरा अडकून बसेल.

बूमवाली

लेडीज डब्याचं एक सांगते. ट्रायपॉड रॅकवर आडवा ठेवलास तर उतरायच्या दोन स्टेशनं आधी खाली घे. दारापाशी गर्दी झाल्यावर तो डोक्यांवरून काढता येत नाही. कॅमेऱ्याची बॅग पाठीवर नको, पुढे छातीवर घे. पावसाळ्यात बॅगेला रेनकव्हर लागतंच, पण आत सिलिका जेलच्या पुड्याही ठेव आणि रंग बदलला की त्या बदल. दमट हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागले की समज, आता साफ करून घ्यायला पैसे जाणार.

एडिटटेबल

रिमोट आईकडे आहे ते उत्तम. मालिका अभ्यासाला अगदी योग्य आहेत, कारण त्यात कॅमेऱ्याची कामं ठरलेली असतात आणि पुन्हा पुन्हा दिसतात.

पाहण्याआधी टीव्हीची सेटिंग बदल. 'विविड' काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लाव आणि मोशन स्मूदिंग बंद कर (प्रत्येक कंपनीत नाव वेगळं असतं). ते चालू असेल तर टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम तयार करतो. मग मूळ हालचाल कशी शूट केली होती ते कळायला मार्ग नाही, आणि विविडमध्ये त्वचेचा रंग तर सगळ्यांचा नारिंगीच दिसतो.

अख्खा भाग पाहू नकोस. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर असतो. त्यातला दीड-दोन मिनिटांचा एकच सीन घे, जमलं तर ॲपवर, म्हणजे थांबवता येईल. कागदावर खोलीचा वरून दिसणारा आराखडा काढ: सोफा, देव्हारा, जिना, स्वयंपाकघराचं दार. प्रत्येक कटला कॅमेरा कुठे असेल त्या जागी आकडा घाल. पाच-सहा कट झाले की लक्षात येईल, एका बाजूने खोली कधीच दिसत नाही. ती भिंत उभारलेलीच नसते. तिकडे कॅमेरे, मॉनिटर आणि माणसं असतात. कडाक्याचं भांडण चालू असतानाही घरातली सगळी माणसं अर्धगोलात, चेहरे एकाच बाजूला करून का उभी असतात, ते या कागदावर आपोआप सापडतं. मग दोन बोलणाऱ्यांमधली रेष आख आणि कॅमेरा ती कुठे ओलांडतो ते बघ (ओलांडली की पडद्यावर दोघांच्या दिशा उलट्या होतात). ओलांडली असेल तर मधे काय टाकून झाकलं आहे, दारात आलेला तिसरा माणूस की सुनेची रिॲक्शन?

नंतर तोच सीन डोळे मिटून ऐक. साडीच्या काठाची खरखर, मंगळसूत्र लेपल माइकवर (कपड्याला लावायच्या छोट्या माइकवर) आपटल्याची बारीक टिकटिक, कटबरोबर बदलणारी एसीची घरघर. हे ऐकू आलं की माइक कुठे लावला असेल याचा अंदाज येतो. मंगळसूत्राची टिकटिक असेल तर माइक बहुधा गळ्याखाली मधोमध लागलाय. तो पदराच्या पिनेजवळ, थोडा बाजूला सरकवायला हवा होता.

बातम्यांत लाइव्ह बातमीदार बघ. अँकरचा प्रश्न संपल्यावर तो लगेच बोलत नाही, मान हलवत उभा राहतो. सिग्नल ज्या उपग्रहातून जातो तो साधारण ३६,००० किलोमीटरवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, त्यात एन्कोडिंगची भर. मोबाइल नेटवर्कवरून लाइव्ह चित्र पाठवणारी बॅकपॅक असेल तर उशीर आणखी वाढतो. बातमीदार मधेच अडखळून कानातला इअरपीस काढत असेल तर बहुतेक त्याला स्वतःचाच आवाज उशिराने परत ऐकू येतोय. त्याच्या कानात स्टुडिओतलं सगळं जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. याला मिक्स-मायनस म्हणतात, आणि ते चुकलं की माणसाला बोलणंच अशक्य होतं.

पीसीआर_मागे

स्टुडिओ भेटीबद्दल लिहितो. वरच्या प्रतिसादातला तो आराखडा मालिकेच्या सेटवर घेऊनच जा. ज्या मालिकेचा सेट बघणार त्याच मालिकेचा सीन घेतलास तर उत्तम. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ ची. आवार मोठं आणि चढउताराचं आहे, तेव्हा गेटपासून सेटपर्यंत कसं जायचं ते आधीच विचारून ठेव. नावं गेटवर दिलेली असावी लागतात. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेव.

सेटवर पाय ठेवलास की आधी वर बघ. ग्रिडवर (छताच्या जाळीवर) टांगलेले दिवे मोज, कुठला की (मुख्य), कुठला बॅक (मागून येणारा) आणि कुठला खिडकीतून येणाऱ्या उन्हासाठी, ते आराखड्यात भर. उजेड मऊ करणारे कापडाचे स्कीमर आणि तो अडवणारे काळे कटर कुठे आहेत ते बघ. भिंतीवर पात्राची सावली का पडत नाही, याचं उत्तर तिथे मिळतं. टेकमध्ये एसी बंद करतात का, ते विचार. प्रश्न विचारायची वेळ म्हणजे चहाचा ब्रेक. लायटिंग चालू असताना लाइटमनदादांना अडवू नये. ते शिडीवर असतील तर शिडीखाली उभंही राहू नये. एक प्रश्न नक्की विचार: या फ्लोअरचा विजेचा एकूण लोड किती आणि तो कसा वाटलाय? दोन किलोवॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो का लावायचा नाही, हे तिथली वायरिंग पाहिल्यावर डोक्यात पक्कं बसतं.

केबलवर पाय देऊ नकोस. एसडीआय केबल (कॅमेऱ्याचं चित्र नेणारी) आतून दबली तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण चित्र मधेमधे जातं. गुंडाळायला सांगितली तर कोपराभोवती गुंडाळू नकोस. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशी गुंडाळ. म्हणजे पीळ पडत नाही आणि फेकली की सरळ उलगडते.

वृत्तवाहिनीत अर्धा वेळ फ्लोअरवर आणि अर्धा पीसीआरमध्ये (कार्यक्रम जिथून चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये) मागे उभी राहा. फ्लोअरवर टॅली लाइट (कॅमेऱ्याचं चित्र प्रसारणात आहे हे सांगणारा दिवा) लाल असलेल्या कॅमेऱ्यासमोरून कधीही जाऊ नये, हा पहिला नियम. फ्लोअर मॅनेजर बोटांनी उलटे आकडे दाखवतो ते टिपून घे. टेलिप्रॉम्प्टरची (अँकरला मजकूर दाखवणाऱ्या यंत्राची) काच ४५ अंशांत असते आणि खालच्या मॉनिटरवर अक्षरं उलटी असतात. ऑपरेटर अँकरच्या वाचण्याच्या वेगाने मजकूर सरकवतो. अँकरला मजकुरामागे धावायला लागलं तर ते डोळ्यांत दिसतं. कॅमेरा फार जवळ आणि अक्षर मोठं असेल तर बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना प्रेक्षकाला दिसतात.

पीसीआरमध्ये दिग्दर्शकाचं बोलणं ऐक: आधी "टू तयार", मग "टेक टू" (टू म्हणजे दोन नंबरचा कॅमेरा). मल्टिव्ह्यूअरवर (सगळी चित्रं एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर) प्रोग्रॅमची, म्हणजे प्रसारित होणाऱ्या चित्राची, चौकट लाल आणि प्रिव्ह्यूची, म्हणजे पुढे येणाऱ्याची, हिरवी असते. साउंड इंजिनिअरला विचार, "आवाज किती मिलिसेकंद मागे ठेवलाय?" ओठ आणि आवाज जुळवायला हे लागतं, कारण चित्र ग्राफिक्स आणि व्हर्च्युअल सेटच्या यंत्रांतून जाताना एक-दोन फ्रेम मागे पडतं. आपल्याकडे २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंद. आवाज चित्राच्या आधी आला तर फार लवकर खटकतं, मागून आला तर थोडं चालून जातं. हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला इंजिनिअर मनापासून वेळ देतात.

हिरवे कपडे घालू नकोस, क्रोमासमोर (हिरव्या पडद्यासमोर) उभं राहायला सांगितलं तर अंगच गायब होईल. बारीक चौकडीही नको, कॅमेऱ्यात ती थरथरते.

शिकाऊ_कॅमेरा

खूप खूप धन्यवाद! दोन शंका. स्टुडिओत फोनने थोडं रेकॉर्डिंग करायची परवानगी मिळणार आहे, पण कॉलेजच्या लॅबमध्ये फोनच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. आणि कार्ड किती जीबीचं नेऊ?

एडिटटेबल

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोन आपसूक ३० फ्रेम आणि मनाला येईल तो शटर धरतो, म्हणून पट्टे. मॅन्युअल ॲपमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद कर. उजेड जास्त असेल तर १/१००. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) लॉक कर, नाहीतर एलईडी वॉलसमोर रंग दर सेकंदाला बदलेल. वॉलवर तरीही पट्टे आले तर तो तिच्या स्वतःच्या रिफ्रेशचा (चित्र पुन्हा पुन्हा उमटण्याच्या वेगाचा) प्रश्न असतो, शटर थोडं इकडेतिकडे करून बघ.

कार्डाचं गणित सोपं आहे. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ चं कार्ड पुरतं सव्वा तास. व्ही३० लिहिलेलं घे. त्याचा किमान वेग सेकंदाला ३० मेगाबाइट असतो. एका १२८ पेक्षा ६४ ची दोन बरी, एक बिघडलं तर अर्धं तरी हाती राहतं.

बूमवाली

आणि थंडगार स्टुडिओतून बाहेर आल्या आल्या बॅग उघडू नकोस. बाहेरच्या दमट हवेने लेन्सवर, आतल्या काचांवरसुद्धा, दव धरतं आणि पुसून जात नाही. बॅगेची चेन बंद ठेवून वीस-तीस मिनिटं जाऊ दे. दिंडोशीहून मेट्रो पकडेपर्यंत तेवढा वेळ होतोच.