टाकाऊतून भिंतीवर : आपापले अनुभव लिहावेत

घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली सजावट मोठ्या हौसेने भिंतीवर टांगली जाते. ती पुढे किती टिकली, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून वस्तू कोणती होती, ती भिंतीवर कशी बसवली आणि पुण्याच्या पावसाळ्यात तिचे काय झाले, एवढे तरी प्रत्येकाने लिहावे, अशी विनंती आहे. अट एकच : वस्तू खरोखर वापरून झालेली असावी. कोऱ्या बाटल्या विकत आणून त्यांवर सुतळी गुंडाळणे ही हौस असेल, पुनर्वापर नव्हे.

नारायण पेठेतून

वडिलांचा छापखाना होता. ऑफसेट छपाई आल्यावर खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम घटत गेले आणि शेवटी यंत्रे भंगारात गेली. मी खिळ्यांची एक लाकडी केस, म्हणजे खणाखणांचा ट्रे, तेवढी ठेवून घेतली. इंग्रजीचे काम दोन केसमध्ये भागत असे, पण काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला कितीतरी अधिक खण लागत, आणि केस भिंतीवर उभी केली की त्या खणांची नुसती जाळीच पाहत राहावीशी वाटते. ती भरलेली टांगण्याचा विचार मात्र पहिल्याच दिवशी सोडावा लागला, कारण खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात आणि भरलेली केस मला एकट्याला जागची हलवेना. शिवाय शिसे विषारी आणि घरात लहान नात. म्हणून आमच्या आडनावापुरते खिळे ठेवून वर काच बसवली. वाड्याच्या मातीच्या भिंतीत खिळा (हा ठोकायचा!) धरेना, तेव्हा तुळईला दोन आकडे मारून केस तारेने टांगली. त्याला आता नऊ वर्षे झाली. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असल्यामुळे नात हातात आरसा घेऊन आडनाव वाचते.

कोथरूड, तळमजला

माझा अनुभव फसल्याचा आहे. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून फुले कापून, रंगवून, मी पश्चिमेच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने एक मोठे वर्तुळ लावले होते. जुलैत भिंतीला ओल आली, पुठ्ठ्याने ती शोषली, मागून बुरशी धरली आणि फुले काढताना भिंतीच्या रंगाचे पापुद्रेही सोबत आले. रंगाऱ्याला दिलेले पैसे मोजले, तर त्या टाकाऊ वस्तू घरातल्या सर्वांत महागड्या ठरल्या.

एरंडवण्यातून

सासूबाईंचे इरकल लुगडे घडीवर विरले होते, तरी त्याला कात्री लावण्यावरून नणंदेशी दोन महिने अबोला झाला, हे आधी सांगते. धड असलेले लुगडे मीही कापले नसते. काठ आणि पदराचा एक तुकडा मी जाड सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवून लाकडी चौकटीवर ताणून बसवला. डिंक किंवा फेव्हिकॉल मुद्दाम टाळला, कारण वाळल्यावर कापड ताठ होते आणि डाग वर येतात. चौकट पुढच्या खोलीत लावली होती, तिथे दुपारच्या उन्हाने एका बाजूचा रंग उतरला. आता ती आतल्या अंधाऱ्या बोळात आहे. दुसरा तुकडा नणंदेच्या घरी गेला. अबोला तिथेच संपला.

धनकवडीतून

पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा वडील रोज सायकलने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात. त्या सायकलीची फ्रेम गंजून गेली, पण चेन आणि दात्यांची मोठी चकती शाबूत होती. चकतीत घड्याळाचे यंत्र बसवले. काटे मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाले. वंगण काढायला डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो, मात्र सुकल्यावर लगेच वॉर्निश दिले नाही तर पहिल्याच पावसात तांबूस ओघळ भिंतीवर उतरतात. माझ्या भिंतीवर ते अजून आहेत. मित्र म्हणतात की पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले, तसे काही तरी कर. पण आमच्या सायकलीच्या सीटवर वडिलांनी स्वतः शिवलेले रेक्झिनचे कव्हर आहे, ते काढायला हात धजत नाही.

एरंडवण्यातून, पुन्हा

नारायण पेठेतल्या काकांना एक विचारायचे आहे : इतक्या लहान खणांतली धूळ कशी काढता?

नारायण पेठेतून

रंगकामाच्या मऊ ब्रशने, वरच्या ओळीपासून खाली, दिवाळीच्या आधी एकदा. ओले फडके लावू नये, लाकूड फुगून पट्ट्या निखळतात. आमच्या दोन अशाच गेल्या.