कोरड्या संडासाचं सोनखत कलमांना : कधी काढावं, आणि कायदा आड येतो का?

सड्यावरचा
जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ माळावर) घर, माणसं चार, विहीर अठरा मीटरवर. एप्रिल-मेत पाण्याची बोंब, म्हणून दोन कप्प्यांचा कोरडा संडास बांधायचाय. खत हापूसच्या कलमांना घालायचं. किती महिन्यांनी काढावं? आणि कोरडा संडास बेकायदा असतो म्हणतात, ते खरं का?

राख_दोन_मूठ
जांभ्यात शोषखड्डा नको. विहिरीपासून दहा मीटरचा नियम मातीतला. जांभ्याच्या भेगांतून मैलापाणी कुठे निघेल सांगता येत नाही. कप्पे जमिनीच्या वरच बांधा, तळ काँक्रीटचा. माणशी वर्षाला मैला साधारण ५० लिटर, म्हणजे चौघांचा २००, वर राख. एक मीटर लांब-रुंद, ८० सेंमी उंच कप्पा वर्षभर आरामात पुरतो.

भांडं लघवी वेगळी करणारं हवं, धुण्याची जागाही वेगळी. बहुतेक संडास इथेच बिघडतात: पाणी आत गेलं की वास, मग अळ्या. दर वेळी मैला पूर्ण झाकेल इतकी चुलीची चाळलेली राख. पावसाळ्यात भुसा एकटा दमट होतो, राखच भरवशाची.

एक कप्पा भरला की तो बंद करून दारावर तारीख लिहा आणि दुसरा वापरा. कोकणच्या उष्णतेत वर्ष पुरतं असं जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, पण मोजणी शेवटच्या वापरापासून. जंतांची अंडी सगळ्यात चिवट, म्हणून मी दीड वर्ष म्हणेन.

कलम_आणि_कलमं
गोंधळ १९९३च्या, हाताने मैला काढण्यावर आणि कोरडे संडास बांधण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे. त्यात जलबंद (भांड्याखाली पाणी साठून राहणारा वाक) नसलेला प्रत्येक संडास ‘कोरडा’. याच विषयावरचा २०१३चा कायदा त्याच्यापेक्षा वरचढ आहे आणि त्याची ‘अस्वच्छ शौचालया’ची व्याख्या वेगळी: मैला पूर्ण कुजण्याआधी हाताने काढावा लागतो तो. म्हणजे सगळं ‘पूर्ण कुजण्याआधी’ या शब्दांवर अडतं. सहा महिन्यांत कप्पा उघडून गड्याला घमेलं दिलंत, तर गुन्हा तुमचा: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रामपंचायतीच्या अर्जात नुसतं ‘कोरडा संडास’ लिहू नका, नकाशा जोडून दोन कप्पे आणि बंद ठेवण्याचा काळ लिहा.

सड्यावरचा
आणि लघवीचं काय? रोज बाहेर ओतायची का?

राख_दोन_मूठ
ओतू नका, नत्र त्यातच जास्त. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये महिनाभर ठेवा. उघडी राहिली तर नत्र अमोनिया होऊन उडतो, घर वासाने भरतं. एकाला पाच पाणी, आळ्यात चर काढून घालायची आणि लगेच माती ओढायची. पानांवर नाही. पालेभाजीला तर सोनखतही नको.

कलम_आणि_कलमं
आंबा सेंद्रिय म्हणून युरोपात पाठवणार असाल तर थांबा. तिथल्या सेंद्रिय नियमांत मानवी मैल्याच्या खताला जागा नाही, कितीही कुजलेलं असो. घरच्या माडांना घाला. विकायला मात्र काढू नका, खतविक्रीला खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो.

गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखताचे प्रयोग केले, तेव्हा यातलं एकही कलम नव्हतं.

राख_दोन_मूठ
कप्प्याची दारं दक्षिणेला ठेवा, काळा रंग दिलेला पत्रा लावा. उन्हाने कप्पा तापतो, मैला लवकर सुकतो. आणि पावसाळ्यापूर्वी दाराच्या फटी चिखलाने लिंपून घ्या.