अनुभव धागा: क्रूझला जाऊन आलात? खर्चासकट सांगा

आपल्याकडून समुद्र लांब, तरी आता लातूर-संभाजीनगरच्या ट्रॅव्हलवाल्यांच्या पाट्यांवर चारधामशेजारी क्रूझही दिसते. 2021 मध्ये मुंबईहून गोवा-लक्षद्वीप फेऱ्या सुरू झाल्यापासून जरा जास्तच. काय आवडलं, काय खटकलं ते लिहा. नुसतं ‘भारी होतं’ नको.

लातूर: आण्णांचे गुडघे गेलेत, म्हणून मुंबई-गोवा केलं. रोज बॅगा भरा-उपसा नाही, लिफ्टने थेट जेवायला. शाकाहारी, जैन सगळं मिळालं. भाकरी नव्हती, ठेचा आईच्या डब्यात होताच. दुसऱ्या दिवशी डेकवर आण्णा म्हणाले, “पैशे देऊन नुस्तं पाणीच बघूलालोत की!” संध्याकाळी मात्र खुर्ची सोडेनात.

संभाजीनगर: आम्ही सिंगापूरहून गेलो. जाहिरातीतलं भाडं म्हणजे नुसता उंबरा हो. वायफाय वेगळं, चांगल्या रेस्टॉरंटचं वेगळं, बंदरावरची सहल वेगळी. वर टिप रोजची, माणशी, आपोआप बिलात, पोरांचीसुद्धा! जहाजावर रोख चालत नाही, जहाजाने दिलेलं कार्ड दाखवायचं. पोरांनी गेम झोनमध्ये ते किती वेळा दाखवलं, ते शेवटच्या सकाळी कळलं. काउंटरवर जाऊन टिप काढून घेतली.

नांदेड: दादा, मी जहाजाच्या किचनमध्ये काम करतो. त्या टिपेवर आमच्यातल्या बऱ्याच जणांचा पगार उभा असतो, काढू नका. कंपनीने ती भाड्यातच धरावी, हे मात्र खरं. आणि जहाजं किती वाढावीत? 2024 चं ‘आयकॉन ऑफ द सीज’ 20 मजली, प्रवासीच 7,600 पर्यंत. एवढी गर्दी एकदम उतरल्यावर छोट्या गावाने काय करावं? इटली सरकारने 2021 मध्ये मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरातल्या जुडेका कालव्यातून बंदीच घातली. चांगलं म्हणाल तर सॅटेलाइट इंटरनेट. आता भर समुद्रातून आईशी व्हिडिओ कॉल लागतो.

बीड: एकट्या बाईने जायचं तर खोली दोघांची धरून जवळपास दुप्पट भाडं. ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर 2010 पासून एकट्यांसाठी छोट्या खोल्या आहेत, आपल्याकडच्या एजंटला विचारलं तर म्हणाला, “मैत्रीण आणा ना मॅडम.”

जालना: लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी उतरवतात. लाटा होत्या म्हणून आमचं उतरणंच रद्द. बेट रेलिंगवरून बघितलं. बुकिंगच्या आधी परताव्याची अट वाचा, बारीक अक्षरात असते.

लातूर: आणि उलटीची गोळी घरूनच न्या.